घरचे मागून जेवतात

पितृपंधरवडा लागला की सौंसर-रामाकोना रस्त्यावरच्या त्या वृद्धाश्रमाला बरे दिवस येतात. एरवी वर्षभर वरण-भात, पोळी आणि एक भाजी. मंगळवारी-शनिवारी जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन घेऊन परतणारे लोक गाडी थांबवून खोबऱ्याचे तुकडे आणि केळी देऊन जातात, तेवढीच काय ती चंगळ. पण या पंधरवड्यात रोज कोणाचा तरी बाप, कोणाची तरी आजी, कोणाचा तरी थोरला भाऊ जेवू घालायचा असतो, आणि हल्ली घरी पंगत बसवायला माणसं मिळतात कुठे? आश्रमात आयती मिळतात, तीही भुकेली आणि वेळेवर हजर. म्हणून लोक खिरीची मोठी पातेली, इकडचे गंज, गाडीत घालून इकडे येतात. वड्यांचा आणि कढीचा वास आवारात शिरला की म्हातारी मंडळी अंघोळी उरकून, धुतलेले कपडे घालून, पंगत मांडायच्या आधीच दिवाणखान्यात जाऊन बसतात. त्यांना कोणी हसू नये. वर्षभराची खीर त्यांना पंधरा दिवसांत खायची असते.

गुणवंतराव पराडकर मात्र या चंगळीपासून चार हात लांब होते. पंगतीच्या वेळी ते खोलीत खाटेवर बसून राहत आणि स्वयंपाकघरातून साधा वरण-भात मागवून घेत. पंधरवड्याच्या पहिल्या दिवशी आश्रमाच्या व्यवस्थापिका नलिनीताई त्यांना बोलवायला आल्या, तेव्हा त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं.

"मी पाहुना आहे इथं. लोकाईच्या पितराचं मी नाही खात."

"होळीपासून राहून राहिले पाहुणे," असं पुटपुटत नलिनीताई निघून गेल्या. बाई तोंडाने फटकळ होत्या, पण वरण-भातावर तूप घालायला विसरल्या नाहीत.

गुणवंतरावांच्या खोलीत दुसरी खाट हिरामणची होती. हिरामण बोरगावचा. जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलता उचलता कंबर कामातून गेलेला, दोन मुलगे नागपूरकडे कुठेतरी असलेला. ते येत नाहीत याचं त्याला दुःख होतं की नाही हे कळायला मार्ग नव्हता, कारण तो त्यांचं नाव काढत नसे. बाकी सगळ्या विषयांवर बोले. पंगतीवरून पोट चोळत परत आला की गुणवंतरावांना खिजवायचा, "आज पातोड्या होत्या, गुणवंतभाऊ. तुमी बसा वरन भुरकत."

"वाढलं कसं होतं?"

"वाढलं म्हंजे? पानात वाढलं."

"मीठ आधी वाढलं का भाजी?"

"आता मी पोटात मोजत बसू का, का आधी गेलं अन् का मागून गेलं?"

गुणवंतराव कपाळाला हात लावत. त्यांचं सगळं आयुष्य पंगतीत गेलं होतं. पांढुर्ण्यात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, आणि लग्न, बारसं, तेरवी काही असलं की मोठी भांडी भाड्याने त्यांच्याकडूनच जात. नुसती भांडी पाठवून हे गृहस्थ गप्प बसत नसत. भांड्यांच्या मागून स्वतः जात, मांडवात एका खांबाला टेकून उभे राहत आणि पंगतीवर डोळा ठेवत. कोणाचं पान रिकामं, कोण लाजतोय, कढी कधी फिरवायची, सगळं त्यांच्या नजरेत. "गुणवंतराव उभे आहेत ना, मग झालं," असं म्हणून यजमान निर्धास्त होत. आणि स्वतःच्या घरी कार्य असलं तर मग विचारायलाच नको. घरच्यांनी पहिल्या पंगतीत बसायचं नाही, ही त्यांची सक्त ताकीद. पाहुणे उठले, तृप्त झाले, दारापर्यंत पोचवून आलो, की मग घरच्यांनी उरलंसुरलं घेऊन एका ओळीत बसायचं. कुलदीप लहान असताना भुकेने रडायचा तरी गुणवंतराव बधत नसत. शेवटी त्यांच्या बायकोने, वच्छलाबाईंनी, पोराला स्वयंपाकघराच्या दाराआड एक वडा गुपचूप द्यावा आणि गुणवंतरावांनी तिकडे कानाडोळा करावा, असं ठरून गेलं होतं. मागच्या पंगतीतलं ते गार जेवण दोघांनाही फार आवडे. दिवसभराचा शीण, कोण काय म्हणालं, कोणी किती खाल्लं, सगळं तेव्हाच बोलून होई.

वच्छलाबाई गेल्या त्याला तीन वर्षं झाली. दुकान आता कुलदीपच्या हाती. त्याने भांड्यांच्या जोडीला आचारी ठेवले, टेम्पो घेतला, कॅटरिंग सुरू केलं. धंदा वाढला तसं घर रिकामं पडत गेलं. सून सुचिता दुकानाचा हिशेब बघायची, नात सायली शिकायला बाहेर. दिवसभर गुणवंतराव आणि भिंती. एकदा ते न्हाणीत पडले, ते निभावलं. दुसऱ्यांदा पडले तेव्हा खुब्याचं हाड मोडलं आणि दिवेलागणीला सुचिता घरी येईपर्यंत ते तसेच फरशीवर पडून होते. त्यानंतर कुलदीपने त्यांना इथे आणलं. "पाय बरा होईपर्यंत, बाबा," असं म्हणाला होता. पाय बरा झाला. काठी टेकत ते आवाराला फेऱ्या मारू लागले. पण पाय बरा झाल्याचं कुलदीपच्या काही लक्षात येईना, आणि आपण होऊन सांगणं गुणवंतरावांच्या जिवावर आलं.

आता त्यांची सगळी भिस्त नवमीवर होती. वच्छलाबाई सवाष्ण गेल्या, म्हणून त्यांचं पितर नवमीला. त्या दिवशी घरी सवाष्ण जेवायला बसवायची, आणि त्याआधी चुलीतल्या निखाऱ्यावर तुपाचा आणि अन्नाचा घास टाकायचा. त्याला तिकडे आगारी म्हणतात. आजवर दरवर्षी आगारी गुणवंतरावांनी स्वतःच्या हाताने टाकली होती. यंदा ती दुसरा कोण टाकणार? अष्टमीच्या आधी त्यांनी मुलाला फोन लावला.

"नवमीले नेशील ना मले?"

"पाहू ना बाबा. येतोच मी नवमीले," कुलदीप म्हणाला. मागे कोणीतरी कढयांचा हिशेब ओरडून विचारत होतं.

पाहू हा शब्द गुणवंतरावांनी सोयीस्करपणे बाजूला ठेवला आणि येतोच तेवढा घेतला. अष्टमीला त्यांनी पिशवी भरली. धोतरं, बंड्या, औषधं, वच्छलाबाईंचा फोटो, एवढं भरून झाल्यावर ते खाटेवरची गोधडी घडी करायला लागले, तेव्हा हिरामणला राहवलं नाही.

"नवमीले जासान अन् दशमीले येसान. तं गोधडी कायले नेता?"

गुणवंतरावांनी घडी पुरी केली. मग दार लोटलेलं आहे ना ते बघून हळूच म्हणाले, "मी येत नाही आता. एकदा घरात पाय ठेवला का खाटीवर बसून घेतो. मंग पाहू कोन उठवते मले."

 हिरामणने त्यांना गोधडी पिशवीत कोंबायला मदत केली, कारण पिशवी लहान होती.

नवमीला गुणवंतराव सकाळीच अंघोळ करून, पांढरं धोतर नेसून, फाटकाजवळच्या ओट्यावर पिशवी घेऊन बसले. नलिनीताई दोनदा येऊन आत चला म्हणाल्या, ऊन लागेल म्हणाल्या. "पोरगा येऊन राहिला," एवढंच त्यांनी सांगितलं. त्यांच्या छातीत धडधडत होतं. लग्नाच्या दिवशीही एवढं धडधडलं नसेल. रस्त्यावरून संत्र्यांच्या रिकाम्या क्रेटचा ट्रक गेला, बस गेली, जामसांवलीची जीप गेली. आणि मग कुलदीपची पांढरी गाडी वळली.

गुणवंतराव उठून उभे राहिले. पिशवी उचलली. गाडीतून कुलदीप उतरला, सुचिता उतरली, मागून सायलीही उतरली. सगळं घर आपल्याला न्यायला आलं हे बघून म्हाताऱ्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिघांनी पायाला हात लावला. गुणवंतराव गाडीच्या दाराकडे वळले, तेवढ्यात गाडीच्या मागे टेम्पो येऊन थांबला. टेम्पोतून दुकानातला जुना माणूस नितीन उतरला आणि त्याने फळका खाली पाडला. आत गंज होते. कढीचा, खिरीचा, कोहळ्याच्या भाजीचा, आणि वड्यांच्या पराती.

"बाबा, या वर्षी आईचं पितर आपण इथंच ठेवलं," कुलदीप म्हणाला. तो खरोखर खूश दिसत होता. "एवढे लोक जेवतीन. आईले किती आवडलं असतं."

गुणवंतरावांना क्षणभर काही कळेना. मग कळलं. त्यांना आधी सुचलं ते एवढंच.

"आगारी?"

"सकाळीच टाकली घरी. काळजी नका करू."

सायली आजोबांच्या हातातल्या पिशवीकडे बघत होती. तिने काही विचारायच्या आत हिरामण कुठून तरी आला, आणि "द्या, गुणवंतभाऊ, तुमचे कपडे धुवाले टाकतो," म्हणून पिशवी त्यांच्या हातून काढून खोलीकडे घेऊन गेला. कपडे धुवायला हिरामण आजवर स्वतःचेही टाकत नसे.

दिवाणखान्यात पंगत मांडली गेली. ज्यांचे गुडघे शाबूत ते खाली अंथरलेल्या पट्टीवर, बाकीचे भिंतीकडच्या बाकांवर. कुलदीपने वडिलांना दंडाला धरून पहिल्या जागेवर आणलं. "बसा बाबा. पहिलं पान तुमचं."

गुणवंतराव पानाकडे बघत उभे राहिले. पंधरवडा लागल्यापासून ते टाळत आले होते ती ही जागा, आणि ती मांडली होती त्यांच्याच पोराने. घरचा माणूस पहिल्या पंगतीत. म्हणजे आपण घरचे नाही. कुलदीपला हे कोणी शिकवलं नव्हतं असं नाही. भुकेने रडत तो हेच शिकला होता. पण तो विसरला होता, आणि विसरलाय हे त्याला माहीतही नव्हतं.

"मी कसा बसू?" गुणवंतराव म्हणाले. "माह्या घरचं पितर आहे."

आणि त्यांनी काठी भिंतीला टेकवली, नितीनच्या हातातून मिठाची वाटी घेतली आणि पंगतीत शिरले.

मग काय विचारता. दोन पानं होतात न होतात तोच ते गर्जले, "नितीन, सवाष्ण कोन आहे?" नितीनने मालकाकडे बघितलं, मालकाने बायकोकडे. ते कोणाच्याच ध्यानात नव्हतं. आश्रमातल्या बहुतेक बायांचे नवरे कधीच गेले होते. गुणवंतरावांची नजर दारात उभ्या नलिनीताईंवर गेली. नलिनीताईंचे यजमान सौंसरला तहसील कचेरीत होते, चांगले ठणठणीत.

"ताई, या. बसा इथं."

"अहो मला कामं आहेत."

"आज तुमी उठायचं नाही. सुचिता, ताईले कुंकू लाव."

सगळ्यांना दटावणाऱ्या नलिनीताई पहिल्या पानावर मुकाट्याने बसल्या, तेव्हा बाकावरच्या म्हाताऱ्या पदराआड हसल्या. सुचिताने कुंकू लावलं, ओटी भरली. गुणवंतरावांनी त्यांच्या पानात पहिला वडा स्वतः वाढला. वाढता वाढता त्यांनी मनात वच्छलाबाईंना म्हटलं, जेव.

त्यानंतर काठीशिवाय, भिंतीला, बाकाला, कोणाच्या खांद्याला धरत त्यांनी सगळी पंगत पालथी घातली. ज्याला दात नाहीत त्याचा वडा कढीत बुडवून मऊ करून दिला. ज्याला साखरेचा आजार त्याला खीर चमचाभरच, पण दिली. हिरामणच्या पानाशी ते थबकले आणि न विचारता आणखी दोन वडे टाकले. कुलदीप हातात कढीचं भांडं घेऊन त्यांच्या मागून चालत होता, आणि कितीतरी वर्षांनी बापलेक एका पंगतीला वाढत होते. गुणवंतरावांच्या मनात पुन्हा आशेने डोकं वर काढलं. आता हे सगळे उठतील. मग मागून आपण चौघे बसू. गार वडा मोडता मोडता त्याला सांगू. पाय बरा झाला म्हणू. न्हाणीत एक कठडा लावून घे म्हणू, एक बाई ठेव दुपारची, मी कोणाला त्रास देणार नाही. उभ्याने, घाईत बोलायची ही गोष्ट नव्हती. मागच्या पंगतीला बोलायची होती.

पंगत उठली. नलिनीताईंनी तोंड भरून आशीर्वाद दिला. म्हातारे हात धुऊन, सुपारी शोधत पांगले. गुणवंतरावांनी पट्टीचा एक कोपरा झटकला, चार ताटं मांडली, चार पेले भरले आणि हाक मारली, "कुलदीप, सुचिता, या रे. सायली कुठं गेली?"

तिघं गाडीपाशी उभी होती. गुणवंतराव काठी घेऊन तिकडे गेले.

"बाबा, आमी निघतो," कुलदीप म्हणाला. "घरी सवाष्ण खोळंबून राहिली. सुचिताच्या वहिनीले बोलावलं ना. हिचे भाऊ आले, पाहुणे आले. आमी गेल्याशिवाय पंगत नाही बसत."

म्हणजे घरी पंगत होती. वच्छलाबाईंचं खरं पितर घरीच होतं, आणि आश्रमातलं हे वरचं. गुणवंतराव गाडीच्या दाराला धरून उभे राहिले. आता मागची पंगत राहिली नव्हती, तेव्हा जे बोलायचं ते उभ्याउभ्याच बोलावं लागलं.

"मले घरी घेऊन चल, कुलदीप. माहा पाय बरा झाला."

कुलदीपने नजर खाली घातली. सुचिता रस्त्याकडे बघत राहिली. पोरगा वाईट नव्हता, हे गुणवंतरावांनाही ठाऊक होतं. दिवस दुकानात, रात्र लोकांच्या मांडवात, डोळ्यांखाली काळं आलेलं.

"त्या दिवशी तुमाले फरशीवर पाहिलं, बाबा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तवापासून मले झोप नाही. इथं आहात तं मी झोपतो तरी. घरी कोन आहे दिवसभर? सांगा ना, कोन आहे?"

गुणवंतरावांनी गाडीच्या दारावरचा हात काढून घेतला. 

कुलदीपने त्यांचा हात हातात घेतला, दाबला. मग काहीतरी चांगलं बोलावं म्हणून म्हणाला, "किती छान झालं न आज. पुढल्या वर्षीही आईचं इथंच करू, बाबा. तुमच्याच हातानं."

सायलीने आजोबांना मिठी मारली आणि ती गाडीत जाऊन बसली. गाडी वळली, फाटकाबाहेर पडली आणि पांढुर्ण्याच्या बाजूला दिसेनाशी झाली. गुणवंतराव बघत होते. पुढल्या वर्षी, असं तो म्हणाला होता. म्हणजे पुढलं वर्ष इथेच. आजवर त्यांनी इथले दिवस पाहुण्यासारखे काढले होते, उद्या जायचं म्हणून. आता उद्या नव्हता. एवढं एकटं त्यांना फरशीवर पडून होते तेव्हाही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा निदान संध्याकाळी कोणीतरी येणार होतं.

ते दिवाणखान्यात परत आले. पट्टीवर चार ताटं तशीच होती. नितीन टेम्पोत भांडी चढवत होता, कारण त्यालाही घरच्या पंगतीला पोचायचं होतं. पण तो गुणवंतरावांच्याच हाताखाली तयार झालेला. शेवटचे गंज उचलायच्या आधी तो दारात आला आणि त्याने, भांडी आवरताना प्रत्येक यजमानाला विचारायचं म्हणून गुणवंतरावांनीच शिकवलेलं, ते विचारलं.

"घरचे किती राहिले, बाबाजी? तेवढं काढून ठेवतो."

 गुणवंतरावांनी ताटांकडे बघितलं. खाली वाकून दोन ताटं उचलली, तिसऱ्याला हात घातला, आणि त्या ताटाशी कोणीतरी हुश्श करत बसत असलेलं दिसलं. हिरामण होता. कंबर धरून, एक पाय पसरून तो पट्टीवर टेकला. मघाशी सगळ्यांत जास्त वडे त्यानेच खाल्ले होते.

"तुमचं तं जेवन झालं," गुणवंतराव म्हणाले.

"झालं," हिरामण म्हणाला. त्यांच्याकडे न बघता तो पेला सरळ करत होता.

नितीन दारात खोळंबला होता. गुणवंतराव उचललेली ताटं आणि काठी बाजूला ठेवून, भिंतीच्या आधाराने हळूहळू हिरामणच्या शेजारी खाली बसले. 

"दोन," ते म्हणाले.

नितीनने दोन माणसांचं काढून ठेवलं आणि भांडी घेऊन तो निघून गेला. वडे गार झाले होते, कढीवर साय आली होती. हिरामणच्या पोटात जागा नव्हती, तरी त्याने ताट पुढे ओढलं.